गोव्यात परदेशी फळं विकायची आहेत? आधी पेटी वाचायला शिका

डिचोलीत दुकान उघडलं त्या पहिल्याच वर्षी, चवथीच्या आठ दिवस आधी, मी लाल सफरचंदाच्या चाळीस पेट्या उचलल्या. बाजारभावापेक्षा पेटीमागे तीनशे रुपये कमी. फळ मोठं, चकचकीत, एकही डाग नाही. दोन दिवसांत गिऱ्हाइकं परत यायला लागली. "आतून पिठूळ लागतं हो." चौदा पेट्या टाकून द्याव्या लागल्या. मग पेटीवरचं लेबल नीट वाचलं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा माल. तिथे तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर चालते आणि नवीन पीक आपल्याकडे पोचायला अजून दोनेक महिने होते. म्हणजे मी घेतलेलं फळ आदल्या हंगामातलं, जवळजवळ वर्षभर जुनं होतं. लेबल पहिल्या दिवसापासून तिथेच होतं, मी वाचलं नव्हतं.

परदेशी फळ तुमच्या दुकानात येतं तेव्हा त्याचा भाव आणि ते किती दिवस टिकणार हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. थोडं ते पिकलं त्या देशात, थोडं बंदरावरच्या कागदांत. या दोन्ही गोष्टी कळल्या की दलालाच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही. म्हापसा, फोंडा, वाळपई, पेडणे, कुठेही नव्याने हा धंदा करणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

१. दुकानाचे कागद आधी पुरे करा

यात फार वेळ घालवत नाही, पण हे टाळूही नका.

- पंचायत किंवा पालिकेचा व्यापार परवाना
- दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी
- अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी किंवा परवाना. उलाढाल लहान असेल तर साधी नोंदणी, मोठी असेल तर राज्य परवाना. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर करायचा
- वजनकाट्यावर वजन-माप खात्याचा चालू शिक्का. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून घ्यावा लागतो
- शीतकपाट ठेवणार असाल तर व्यापारी वीजजोडणी

ताज्या फळांवर जीएसटी नाही. सुकामेवा, कापून डबाबंद केलेली फळं, रस यांचं तसं नाही. दुकानात खजूर आणि जर्दाळू ठेवणार असाल तर हिशेबनिसाला आधीच विचारा.

२. माल येतो कुठून, ते समजून घ्या

मुरगावला बंदर असलं तरी आपल्या दुकानातली परदेशी फळं बहुतेक न्हावा शेवाच्या बंदरात शीतकंटेनरमधून उतरतात. तिथून वाशीच्या फळबाजारात, आणि वाशीहून साधारण ५५० किलोमीटरचा रस्ता कापून गोव्यात. काही माल बेळगावमार्गे येतो. पावसात घाटात दरड कोसळली, झाड आडवं झालं की गाडी लटकते. पंधरा जून ते पंधरा सप्टेंबर या काळात "उद्या सकाळी पोचतो" या शब्दावर लग्नाची किंवा हॉटेलाची ऑर्डर घेऊ नका. एक दिवसाची फट ठेवा.

सुरुवातीला वाशीशी थेट व्यवहार करू नका, असा माझा सल्ला आहे. सहा महिने म्हापसा किंवा मडगावच्या घाऊक व्यापाऱ्याकडून घ्या. पेटीमागे पन्नास-शंभर जास्त जातील, पण पेटी फोडून बघता येते, आणि दोन पेट्या खराब निघाल्या तर माणूस समोर असतो. वाशीहून आलेली गाडी परत पाठवता येत नाही.

३. भावाचा तळ काढायला शिका

नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत भावात होते.

सफरचंदाचं उदाहरण घेऊ. परदेशी सफरचंदावर भारतात ५० टक्के आयातशुल्क आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात त्याची विभागणी १५ टक्के मूळ शुल्क आणि ३५ टक्के कृषी पायाभूत उपकर अशी झाली, बेरीज तीच राहिली. दुसरा नियम मे २०२३ चा. मालाची किंमत, विमा आणि जहाजभाडं धरून किलोला ५० रुपये किंवा त्याहून कमी पडत असेल तर ते सफरचंद भारतात आणताच येत नाही. भूतानला यातून सूट आहे. इराणहून स्वस्त माल येऊन काश्मीर-हिमाचलच्या बागायतदारांचा भाव पडतो, अशी तक्रार होती.

आता हिशेब करा. कमीत कमी ५० रुपये किंमत, वर ५० टक्के शुल्क म्हणजे २५ रुपये. बंदराबाहेर पडण्याआधीच ७५ रुपये झाले. त्यावर बंदराचा खर्च, दलाली, वाशीची हमाली, गोव्याचं भाडं, तूट आणि दोन व्यापाऱ्यांचा नफा. मग कुणी तुम्हाला घाऊकात "इंपोर्टेड, नव्वद रुपये किलो" म्हणाला तर तीनच शक्यता उरतात. माल जुना झालाय आणि तो काढून टाकतोय. किंवा देशी माल परदेशी स्टिकर लावून दिलाय. किंवा अफगाणिस्तानचं फळ आहे, ज्याला दक्षिण आशियाई व्यापार करारामुळे शुल्क लागत नाही. यातली तिसरी गोष्ट चांगली आहे. अफगाणी सफरचंद दिसायला साधं असेल, पण ताजं असलं तर चवीला उत्तम. मात्र विकताना ते अफगाणी म्हणूनच विका.

हे आकडे कायमचे नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेशी शुल्काचा वाद झाला तेव्हा तिथल्या सफरचंदावर आणखी २० टक्के लावले होते, म्हणजे एकूण ७०. ते २०२३ मध्ये काढले. त्या चार वर्षांत वॉशिंग्टनच्या मालाची जागा तुर्की, इटली, चिलीच्या मालाने घेतली. मे २०२५ मध्ये सरकारी बंदी नसतानाही पुण्यासारख्या ठिकाणच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घेणं थांबवलं. बातमी वाचल्यावर दुसऱ्या दिवशी तुमचा भाव बदलत नाही, वाटेतले कंटेनर संपेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. तेवढा वेळ तुमच्या हातात असतो, तो वापरा.

संत्र्यांचं उदाहरण उलट दिशेचं. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यात संत्री आणि मँडरीन मिळून १३,७०० टनांपर्यंत शुल्क निम्मं आहे. त्यापुढच्या मालाला पूर्ण शुल्क. एकाच देशाचं, एकाच जातीचं फळ दोन वेगळ्या भावांनी का मिळतं, याचं एक कारण असं कोट्यात दडलेलं असतं.

४. किडीचे नियम: माल अचानक का गायब होतो

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक फळासोबत त्या देशाच्या सरकारने दिलेला वनस्पती-आरोग्य दाखला लागतो. २००३ च्या वनस्पती संगरोध (प्लांट क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे बंदरावर तपासणी होते. कुठल्या देशातून कुठलं फळ आणि कुठल्या अटीवर, हे त्या आदेशाच्या अनुसूचीत असतं. जी फळ-देश जोडी यादीत नाही, ते फळ त्या देशातून येऊच शकत नाही.

एखादी कीड वारंवार सापडली तर दार बंद होतं. मे २०१७ मध्ये चीनची सफरचंदं आणि पेअर याच कारणाने बंद झाली. तोवर आपल्या बाजारात जाळीच्या टोपीतलं चिनी फुजी सफरचंद सर्रास मिळायचं. डिसेंबर २०२१ मध्ये इराणच्या किवीची आयात थांबवली, तेही ऐन हंगामात. ज्यांचा सगळा माल एकाच देशाचा होता ते अडकले. म्हणून हॉटेलशी वर्षाचा करार करताना "इराणी किवी" किंवा "इजिप्तचं संत्रं" असं लिहून देऊ नका. फळ आणि आकार लिहा, देश मोकळा ठेवा.

या नियमांच्या खुणा फळावरही दिसतात. त्या ओळखता आल्या तर चांगला माल उगाच नाकारला जात नाही.

संत्र्यांत फळमाशीची अळी राहू नये म्हणून त्यांना प्रवासात कित्येक दिवस जवळजवळ गोठणबिंदूच्या थंडीत ठेवतात. काही फळांच्या सालीवर त्याने बारीक खळगे पडतात. साल कडक असेल आणि खळगा कोरडा असेल तर आतलं फळ उत्तम असतं. खळगा ओला आणि मऊ असेल तर सड सुरू झाली. पहिल्या वर्षी मी अशी चांगली संत्री "डागी" म्हणून परत केली होती.

द्राक्षांच्या पेटीत कागदासारखा एक पॅड असतो. त्यातून गंधकाचा वायू सुटतो, बुरशी धरत नाही. पेटी विक्रीला मांडेपर्यंत तो काढू नका. मांडताना काढा, घड वाऱ्यावर ठेवा आणि गिऱ्हाइकाला धुऊन खायला सांगा. द्राक्षाचं ताजेपण दाण्यात बघू नका, देठात बघा. देठ हिरवा असेल तर घ्या. तपकिरी आणि काडीसारखा झाला असेल तर दाणा कितीही टपोरा असो, सोडा.

लाकडी पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि "एचटी" अशी अक्षरं जाळून उमटवलेली असतात. लाकूड तापवून किडीपासून मुक्त केल्याची ती खूण. आपल्याला पॅलेट क्वचितच दिसतं, पण वाशीला गेलात तर जरूर बघा. पॅलेट न फोडलेलं असेल तर पेट्या मधे कुणी बदललेल्या नाहीत, एवढं कळतं.

५. फळ कुठल्या हवेत वाढलं, त्यावरून ते किती टिकेल

गिऱ्हाईक विचारतंच: "गोव्यात सफरचंद का होत नाही?" होत नाही कारण सफरचंदाच्या नेहमीच्या जातींना हिवाळ्यात साधारण हजारभर तास ७ अंशांखालची थंडी लागते. तेवढी झोप मिळाली नाही तर झाड नीट फुलत नाही. आपल्याकडे डिसेंबरातही रात्रीचा पारा २० च्या आसपास असतो. हिमाचलच्या हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत येणारी एचआरएमएन-९९ ही जात तयार केली आणि ती उष्ण भागांतही लावली जाते, पण दुकान भरेल इतका माल त्यातून आपल्याकडे येत नाही.

गडद लाल रंग येतो तो थंड रात्री आणि स्वच्छ उन्हामुळे. वॉशिंग्टनच्या बागा डोंगररांगेच्या कोरड्या बाजूला, पाटाच्या पाण्यावर आहेत. पाऊस कमी म्हणून सालीवर डाग कमी. काश्मीरला वसंतात पाऊस पडतो आणि खपलीचा रोग लागतो, त्यामुळे साल थोडी खरबरीत दिसते. आपलं गिऱ्हाईक डाग बघून काश्मिरी बाजूला सारतं. ऑक्टोबरात माझ्या दुकानात मी दोन्हींच्या फोडी कापून ठेवतो. चाखल्यावर निम्मे लोक काश्मिरी घेतात.

फळ टिकवण्यासाठी प्राणवायू कमी केलेल्या शीतगृहात ठेवतात. तिथे सफरचंद दहा-अकरा महिने राहतं. तिथून बाहेर काढल्यावर मात्र ते झपाट्याने म्हातारं होतं. जूनमध्ये तुमच्यासमोर वॉशिंग्टनचं लाल आणि न्यूझीलंडचं गाला जातीचं सफरचंद असेल तर गाला घ्या. न्यूझीलंडची तोडणी फेब्रुवारी ते मे असते, म्हणजे ते दोन-तीन महिन्यांचं ताजं फळ. तोडणीचा महिना ठाऊक असला की अर्धी लढाई जिंकलीत:

- सफरचंद: काश्मीर-हिमाचल जुलैअखेर ते नोव्हेंबर, अमेरिका आणि युरोप ऑगस्ट ते ऑक्टोबर, न्यूझीलंड-चिली-दक्षिण आफ्रिका फेब्रुवारी ते मे
- किवी: इटली, ग्रीस, इराण ऑक्टोबर-नोव्हेंबर, न्यूझीलंड आणि चिली मार्च ते मे
- संत्रं: इजिप्तचा माल डिसेंबर ते मे, ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिकेचा जून ते ऑक्टोबर
- द्राक्ष: नाशिक जानेवारी ते एप्रिल, म्हणून परदेशी द्राक्ष ऑगस्ट ते डिसेंबरातच परवडतं

ड्रॅगनफ्रूटबद्दल वेगळं सांगतो. पावसाळ्यात महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरातचं भरपूर येतं, गोव्यातही काही शेतकऱ्यांनी लावलंय. वेलीवर पिकलेलं देशी फळ व्हिएतनामच्या फळापेक्षा गोड असतं. जून ते नोव्हेंबर परदेशी ड्रॅगनफ्रूट घेऊ नका.

६. पेटी वाचा

खोका हातात घेतला की या क्रमाने बघा.

पहिलं, देश आणि शक्य असेल तर प्रांत. वरच्या मुद्द्यातला महिना त्याच्याशी जुळवा.

दुसरं, पॅकिंगची तारीख. इथे सापळा आहे. पॅकिंग म्हणजे तोडणी नव्हे. सहा महिने शीतगृहात राहिलेलं फळही काल पॅक केलेलं असू शकतं.

तिसरं, आयातदाराचं नाव, पत्ता आणि त्याचा एफएसएसएआय क्रमांक. हे लेबल फाडलेलं किंवा त्यावर दुसरं चिकटवलेलं असेल तर ती पेटी घेऊ नका, भाव काहीही असो.

चौथं, काउंट. पेटीवर ८०, १००, १२५, १५० असा आकडा असतो. पेटीत तेवढी फळं. आकडा मोठा, फळ लहान. सफरचंदाची पेटी साधारण १८ किलोची धरली तर १०० काउंटचं एक फळ १८० ग्रॅमचं. देवळाबाहेर आणि शाळेजवळ १५० चालतो, हॉटेलला ८० ते १००. पेटी उघडून एक थर मोजा आणि काट्यावर ठेवा. आतला काउंट बाहेरच्या आकड्याशी जुळला नाही तर पेटी मधे फोडून भरलेली आहे.

फळावरच्या छोट्या स्टिकरवरचा आकडा पोरांनासुद्धा माहीत झालाय, पण त्याचा अर्थ भलताच सांगितला जातो. चार अंकी म्हणजे नेहमीच्या पद्धतीने पिकवलेलं, नऊने सुरू होणारा पाच अंकी म्हणजे सेंद्रिय. ४०३० म्हणजे किवी, ४०११ म्हणजे केळं. त्यावरून देश कळत नाही, दर्जाही कळत नाही. असे स्टिकर रिळाने विकत मिळतात, त्यामुळे स्टिकर हा पुरावा मानू नका.

आणि बिल घ्याच. १ जानेवारी २०२२ पासून अन्नपदार्थांच्या बिलावर विक्रेत्याचा एफएसएसएआय क्रमांक असावा लागतो. अन्न व औषध प्रशासनाने तुमच्या दुकानातून नमुना नेला तर तुम्ही कुणाकडून घेतलंत ते दाखवणारा तो एकच कागद आहे. एका व्यापाऱ्याने मला सलग तीन वेळा "बिल पुढच्या गाडीबरोबर" म्हणून टाळलं. चौथ्या वेळी मी गेलो नाही.

७. गोव्याची दमट हवा

हा मुद्दा वाशीचा व्यापारी तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याचं नुकसान होत नाही.

थंड पेटी आपल्या पावसाळी हवेत उघडली की फळाला घाम फुटतो. पाण्याचा तो पातळ थर म्हणजे बुरशीचं अंथरूण. पेटी गाडीतून उतरवल्यावर लगेच फोडू नका. बंद पेटी सावलीत, पंख्याखाली, भिंतीपासून सुटी ठेवा. तीन-चार तासांनी उघडा. पेट्या सरळ जमिनीवर ठेवू नका, खाली फळी हवी. विक्रीला मांडलेलं फळ रात्री पुन्हा शीतकपाटात आणि सकाळी पुन्हा बाहेर असं रोज केलं तर रोज घाम येतो. दिवसाला लागेल तेवढंच बाहेर काढा.

सफरचंद आणि किवी शक्यतो एकाच कपाटात ठेवू नका. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि किवी त्याने लवकर पिकते. माझ्या बारा ट्रे किवी चार दिवसांत चमच्याने खाण्याजोग्या झाल्या होत्या, आणि गिऱ्हाइकाला टणक हवी होती. हेच उलट वापरता येतं. कुणाला उद्याच खायची असेल तर कागदी पिशवीत किवीबरोबर एक सफरचंद टाकून द्या.

तापमान: सफरचंद, किवी, द्राक्ष ० ते ४ अंश. संत्रं ४ ते ८. केळं आणि आंबा १३ च्या खाली नको, काळे पडतात. एकच कपाट असेल तर ४ अंशांवर ठेवा आणि केळी बाहेर लटकवा.

आंबा, केळी पिकवायला कार्बाइड वापरू नका, कुणी फुकट दिलं तरी. त्याला कायद्याने बंदी आहे आणि ते विष आहे. इथिलीन वायूला मर्यादेत परवानगी आहे, पण त्यासाठी नीट बांधलेली पिकवण खोली लागते.

८. किती घ्यायचं, कधी घ्यायचं

आपलं वर्ष वाशीच्या वर्षापेक्षा वेगळं चालतं. चवथीला सफरचंद, पेअर, मोसंबी खपतात, पण गणपतीवर टांगायच्या माटोळीला लागतात ती रानातली फळं, आणि ती आदल्या दिवशी बाजारात बसलेल्या बायकांकडूनच घेतली जातात. त्या धंद्यात आपण पडू नये. रमजानात संध्याकाळी कलिंगड आणि खजूर. नाताळाला लाल द्राक्ष आणि चेरी. ऑक्टोबर ते मार्च किनारपट्टीवरच्या हॉटेलांना ॲव्होकाडो, किवी, ब्लूबेरी लागते, आणि त्यांचं देणं थकतं. पंचेचाळीस दिवसांची उधारी झेपणार नसेल तर हॉटेल घेऊ नका.

एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत परदेशी माल निम्म्यावर आणा. आपला मानकुराद आंबा बाजारात आला की फळाचे पैसे तिकडेच जातात, आणि जावेतच. त्या सहा आठवड्यांत मीही दर्शनी फळीवर मानकुराद मांडतो.

पहिल्या महिन्यासाठी माझ्या दृष्टीने पुरे एवढं: सफरचंद दोन देशांचं मिळून आठ पेट्या, संत्रं चार, किवी सहा ट्रे, हंगाम असेल तर द्राक्ष तीन. एक वही करा. तारीख, देश, काउंट, भाव, किती फळं टाकली, कितव्या दिवशी टाकली. आयातीचा परवाना, केंद्रीय एफएसएसएआय, कस्टम्सचा दलाल असा स्वतः कंटेनर आणायचा विचार मनात आला, तर त्या वहीची दोन पावसाळ्यांची पानं भरल्यावर करा.